लाल कल्ले

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात मला कशावरून तरी हिरड्या दिसतील असं हसू आलं. शेजारी थोरली जाऊ उभी होती. सगळ्यांदेखत म्हणाली, "हसू नको गो, सुरमयचे कल्ले उघडल्यासारख्या दिसता!"

तेव्हापासून मी तोंडावर पदर घेऊनच हसते. डोक्यावरच्या टोपलीपासून स्वतःच्या होडीपर्यंत आले, लिलावात जावेला कितीदा खाली बघायला लावलं, पण ते बोलणं काही गेलं नाही.

शेवटी मुलीला सोबत घेऊन दातांच्या सर्जनकडे गेले. त्यांनी प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं. दात हिरडीत बुडालेले असतील तर हिरडी कापायची. ओठ फार वर चढत असेल तर आतल्या कातडीची एक पट्टी काढून तो खाली शिवायचा. वरचा जबडाच लांब असेल तर हाड कापून वर बसवायचं.

"शेवटचं सगळ्यात भारी ना? तेच करा." महाग तो मासा चांगला, एवढंच मला ठाऊक.

"आधी दोष कुठे आहे ते बघू. पूर्ण हसा."

हसूच येईना. हात पदराकडे जाई. डॉक्टर मोजपट्टी धरून थांबलेले. मी तापले. "जबडा माझा, मोजायचं कसलं?"

मुलगी म्हणाली, "आये, लिलाव हरल्यार काकीचा तोंड कसा होता?" आणि तिने गाल फुगवले. मी खदखदून हसले.

डॉक्टरांनी मोजलं. हाड बरोबर, दात पूर्ण. ओठच वर पळत होता. मी विचारलं, शिवलेला ओठ परत चढेल का? चढू शकतो. मग हाड का नाही? "चांगलं हाड मी कापणार नाही." इंजेक्शन? ओठ सैल पडतो, पण काही महिनेच. भाव पाडायला नव्हे, कळावं म्हणून मी विचारतच राहिले. टाके सुकेपर्यंत मोठ्याने बोलायचं नाही म्हणाले, तेव्हा लिलाव आठवला. पावसात होड्या वर ओढल्या, लिलाव थांबले की येते, असं सांगून निघाले.

दुसऱ्या दिवशी जावेच्या नाकावर टिच्चून सुरमई घेतली. दोन्ही हातांत टोपली, आणि हसू आलं.

"हिरडे दिसतत गो," जाऊ म्हणाली.

"दिसांदेत. कल्ले लाल म्हणजे मासो ताजो. तुका म्हायत नाय?"

इतकी वर्षं हे मला सुचलं नव्हतं!

होड्या वर ओढल्यावर डॉक्टरांना नको म्हणून कळवलं. जावेला मात्र अजून माफ केलेलं नाही.