जहाजाच्या इंजिनाचा जॉबर

मी हट्टी आहे हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे, तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सहायक आहे. बंद पडलेलं मशीन समोर आलं की मला जेवण सुचत नाही, आणि ते सुरू झालं की चार जणांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे हेही सांगणारच. फक्त यातलं अर्धं श्रेय माझं नाही, आणि मला अभिमान त्या दुसऱ्या अर्ध्याचाच जास्त आहे.

ते दुसरं अर्धं माझ्या वडिलांचं. अप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. विणणारे विणत असतात, पण माग बिघडला की हाक जॉबरला. पन्नास मागांच्या खडखडाटात अप्पा दारातून आत येता येताच सांगायचे, तिकडच्या कोपऱ्यातला तिसरा लंगडतोय. आजूबाजूच्या कारखान्यांचे मालकही त्यांना विचारल्याशिवाय माग उघडायचे नाहीत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असे असतात.

त्याच खडखडाटानं त्यांचे कान नेले. आधी फोनवरचं बोलणं कळेना, मग समोरचं, आणि काम सोडलं तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी दोन दिवसांत काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "गोंगाट सगळा येतो, बोलणं तेवढं येत न्हाय." आम्ही बरीच विनवणी केली, पण हट्ट मला कुठून मिळालाय ते तेव्हा नीट कळलं.

कान गेले ते एक वेळ चाललं असतं. वाईट हे झालं की अप्पांना कुणी काही विचारेनासं झालं. मोरीतली तोटी गळायला लागली तर आई परस्पर प्लंबरला बोलवायची, कारण अप्पांना सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि ओरडून आईचा घसा बसतो. मीसुद्धा तेच करायला लागले होते. मग अप्पांनीही बोलणं कमी केलं. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायचे, जेवायला बोलावलं की यायचे, परत जाऊन बसायचे. माणूस डोळ्यांदेखत घरातल्या घरात हरवत चालला होता. मला ते बघवत नव्हतं.

माझ्या डोक्यात एक जुना खेळ होता. मी शाळेत असताना कारखान्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मालकांनी अप्पांना दिला होता आणि त्याच्यासोबत एका खेळाची सीडी आली होती. मालवाहू जहाज चालवायचं, बेटाबेटांवर माल पोचवायचा, वादळं चुकवायची. सुरुवातीला छोटी फिल्म लागायची. आधी बंदर, मग भोंगा, आणि मग थेट खाली इंजिनाची खोली. माणसाच्या उंचीचे दट्टे वरखाली होताहेत, तेलानं चकाकताहेत. सोलापूरच्या माणसाला समुद्र काय करायचा, पण इंजिन बघितलं की अप्पा पाघळायचे. कारखान्यातली पाळी संपवून आले की माझ्यामागे स्टूल टाकून बसायचे आणि म्हणायचे, "ती फिल्म लाव की." मी खेळ सोडून फिल्म लावायचे. आमचं दोघांचं जे काही बोलणं झालं ते त्या स्टुलावर झालं. मला अप्पा परत तिथं बसलेले हवे होते.

माळ्यावर सीडी सापडली. ओरखडे होते, तरी लॅबमधल्या ड्राइव्हवर ती मुकाट्यानं कॉपी झाली. पण नव्या विंडोजवर खेळ उघडेना, आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला नवं विंडोज पेलत नाही म्हणून त्यावर मी कधीच विंडोजच्या जागी लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकलेली. विंडोजचा खेळ लिनक्सवर चालवायचा तर मधे दुभाषा लागतो. ते काम वाईन नावाचा प्रोग्राम करतो. खेळ विंडोजच्या भाषेत काहीतरी मागतो आणि हा लिनक्सकडून ते आणून देतो. नव्या पेठेतला कुठलाही कापडवाला एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी तेलुगूत भाव करत असतो, त्यामुळे मला यात विशेष काही वाटलं नाही. आईला मात्र नाव ऐकून विशेष वाटलं, आणि तिनं देवघराचं दार लोटून घेतलं.

पहिल्या दिवशी खेळ उघडला. जहाज दिसलं, पाणी दिसलं, पण फिल्मच्या जागी नुसता काळा पडदा आणि आवाजाच्या नावानं शंख. मी आठवडाभर डोकं आपटलं. शेवटी जे सापडलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. फिल्म उलगडायला कोडेक नावाचे जे छोटे प्रोग्राम लागतात ते मी टाकले होते, पण चौसष्ट बिटांचे. खेळ त्याच्या काळातला, बत्तीस बिटांचा, त्याला बत्तीसचेच लागणार. हीच चूक करणाऱ्या पोरांना मी दरवर्षी लॅबमध्ये झापते. बत्तीसचे टाकले आणि फिल्म झटक्यात लागली.

मी अप्पांना हाताला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं. बंदर आलं, इंजिनाची खोली आली, दट्टे वरखाली व्हायला लागले. अप्पा थोडे पुढे झुकले. मी पडदा सोडून त्यांच्याकडे बघत होते. फिल्म संपली, अप्पांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, "छान हाय," म्हणाले आणि खुर्चीकडे परत गेले. छान हाय! पाहुण्यांच्या घरचा चहा पिऊन म्हणावं तसं. मला रडायला आलं, पण मी रडण्याऐवजी चिडते.

मग राग काढायला मी आवाजाच्या मागे लागले. पुढच्या रविवारी सकाळी आवाज आला एकदाचा, पण फुटका. खर्रर्र, खट्, खर्रर्र, खट्. आमच्याकडे जुने लाकडी खोक्याचे मोठे स्पीकर आहेत, त्यांच्यातून ते ऐकवत नव्हतं. मी वायरी बदलल्या, आवाजाची सगळी सेटिंगं उलटीपालटी केली, वाईन काढून पुन्हा टाकलं. दुपार झाली. आई म्हणाली, "आता जेव. कशाला पायजे तो आवाज?"

"ऱ्हाऊच दे," मी ओरडले, "ज्यांच्यासाठी करतीय त्यांना कुटं ऐकू येतंय!"

अप्पा समोरच होते. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर आपण काय वाटेल ते बोलतो, ही सवय कधी लागते ते कळत नाही. त्यांनी माझे ओठ वाचले की नुसता चेहरा, देव जाणे. ते उठले. मला वाटलं, आता बाहेर निघून जाणार. पण ते टेबलापाशी आले, स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "लाव परत."

मी लावलं. अप्पांनी डोळे मिटले. दुसऱ्या हाताचं एक बोट टेबलावर हळूहळू आपटत राहिलं.

"तुटतंय," ते म्हणाले.

हे मला सकाळपासून माहीत होतं.

"पर एकसारखं तुटतंय. वायर खराब असती तर कसंबी तुटलं असतं. हे मोजून तुटतंय. हात ठेव हितं."

मी हात ठेवला. मला नुसती थरथर लागली. त्यांनी माझी बोटं आपल्या हातानं खोक्यावर दाबून धरली, आणि मग लागलं. थोडं चालतंय, अडतंय, परत तेवढंच चालतंय, परत अडतंय.

"माग चांगला हाय," अप्पा म्हणाले. "कांडी येळंवर येत न्हाय."

मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात दोऱ्याची कांडी बसवतात. ती संपली की माग थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्या विणणाऱ्याच्या हाताशी आधीच तयार लागतात. कांड्या भरणारी बाई मागे पडली की चांगला मागसुद्धा ठरावीक वेळानं थांबत राहतो, आणि नवखा मिस्त्री उगाच माग खोलून बसतो. मी सकाळपासून माग खोलून बसले होते. आवाजाचंही तसंच असतं. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे आधी भरून ठेवतो आणि मग एकेक स्पीकरला देतो. माझ्याकडे तो साठा इतका लहान होता की एक तुकडा संपायचा आणि पुढचा तयार नसायचा. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं, आणि ते मला अप्पांच्या तळहातानं सांगावं लागलं.

साठा किती ठेवायचा त्याचा एक आकडा असतो, मिलिसेकंदांत. मी धडाक्यात दोनशे टाकला. खर्रखट् गेली! इंजिन असं घुमायला लागलं की मी आईला मिठी मारली. अप्पांनी मात्र मान हलवली. हात खोक्यावर, डोळे पडद्यावर.

"मागं पडतंय. दट्टा खाली येतो, दणका नंतर लागतो."

दोन धडधाकट कान घेऊन मी तिथं उभी होते आणि मला ते कळलं नव्हतं. मी आकडा दीडशे केला. त्यांनी बोटानं खाली, अशी खूण केली. शंभर. अजून खाली. चाळीसला ते लगेच म्हणाले, "तुटलं." मग साठ. या वेळी त्यांनी पूर्ण फिल्म हात उचलला नाही. पडद्यावरचा दट्टा खाली यायचा आणि त्याच क्षणी त्यांची मान किंचित हलायची.

"बसलं," अप्पा म्हणाले. "आता हात लावू नको."

माझ्या आयुष्यात मला शाबासक्या मिळाल्या आहेत, कॉलेजात एकदा स्टेजवर बोलावून शालही दिली आहे. पण त्या दुपारी जेवढी मान ताठ झाली तेवढी कधी झाली नाही. मी या माणसाची मुलगी आहे! जेवताना अप्पा अर्धा तास एकटेच बोलत होते. त्या जहाजाच्या इंजिनात तेल फार उडतंय, म्हणजे वरचं पॅकिंग गेलेलं असणार, आणि ते चित्र काढणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही, यावर त्यांचं म्हणणं सविस्तर होतं. आईनं न ओरडता सगळं ऐकून घेतलं.

इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं माझ्यासारखी हट्टी माणसं जुने खेळ कसे चालू केले ते लिहितात. मी इंग्रजीत लिहिलं: बत्तीस बिटांचे कोडेक टाका, आवाजाचा साठा साठवर ठेवा, हा आकडा माझ्या बहिऱ्या वडिलांनी स्पीकरला हात लावून शोधला. अप्पांनी विचारलं, काय लिहिलंस? मी मोबाईलवर मोठ्या अक्षरांत मराठी करून दाखवलं.

त्यांनी ते वाचलं. "बहिरा कशाला लिवलंस?"

मी ते खोडलं.

"वडील बी नको. कुणाचे बी वडील असत्यात. जॉबर लिही."

मी लिहिलं: सोलापूरच्या एका जॉबरनं शोधला. खाली एका ओळीत जॉबर म्हणजे काय तेही लिहिलं.

चार दिवसांनी कुठल्या तरी लांबच्या देशातून एकाचं उत्तर आलं. साठवर त्याचाही खेळ व्यवस्थित चालला होता. पण त्याच्याकडे दुसरा एक जुना खेळ होता, गाड्यांच्या शर्यतीचा, आणि त्याचा आवाज साठवरही तुटत होता, तोही कधीकधीच. शेवटी त्यानं लिहिलं होतं, कृपा करून जॉबरना विचाराल का?

मी ते मराठीत करून अप्पांसमोर धरलं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"मला इचारलंय?"

मी मान डोलावली. ‘जॉबर’ या शब्दावर बोट ठेवलं.

अप्पा खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. "कदीकदी म्हंजे कदी? त्याला इचार. चालू केल्या केल्या तुटतंय, का मशीन तापल्यावर? आन् एकसारखं तुटतंय का कसंबी? नीट लिही, अर्धवट सांगितलं तर मला न्हाय कळायचं."

मी टाईप करत होते, आणि मागून पुढचा प्रश्न येतच होता.