मालक नसलेला कीबोर्ड

माझ्या मायनं एकदा सोनगीरला राहणाऱ्या तिच्या मोठ्या बहिणीला फोनवर निरोप लिहिला, 'बठ्ठा मजामा शेतस.' म्हणजे सगळे मजेत आहेत. फोनच्या कीबोर्डनं तो परस्पर सुधारून पाठवला, 'बट्टा मजला शेतात.' मावशीचा लगेच फोन आला, शेतात काय झालं म्हणून. माय ओशाळली. "मालेच लिव्हता येत नही," म्हणाली. मला संताप आला. तिला उत्तम लिहिता येतं, आणि तो कीबोर्ड बनवणाऱ्यांत मी स्वतः होते.

मी जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तो कीबोर्ड ओपन सोर्स होता. त्याचा कोड सगळ्यांना उघडा; कुणीही वाचावा, दुरुस्ती सुचवावी, पटली तर ती घेतली जाते. दोन वर्षं मी हौसेनं त्यातल्या चुका काढत होते. माझ्या दुरुस्त्या घेतल्या जात होत्या, त्यामुळे 'पटली तर' म्हणजे नेमकं कुणाला पटली तर, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्या सुट्टीत मी सोनगीरला गेले. मावशी आणि तिच्या शेजारचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी आळी नाना म्हणते, त्यांच्याकडून बोलीतले शब्द उतरवून घेतले. दोन वह्या भरल्या. हवी असेल त्यानं सुरू करावी अशी खान्देशी शब्दांची वेगळी यादी बनवून मी ती पाठवली.

प्रकल्प सुरू करणारे गृहस्थ मोठ्या शहरात राहत. आम्ही त्यांना सर म्हणत असू. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. 'अशुद्ध शब्द घेता येणार नाहीत.' मी फोन लावला.

"सर, हे कुणी ठरवलं?"

"मी. प्रकल्प माझा आहे."

"सुरू तुम्ही केला. आज तो सात जण चालवतात. त्यांना विचारलंत?"

"प्रत्येक गोष्टीला मतं घेत बसलो तर काम कधी होणार?"

"मग निर्णय कसा होतो, नाकारलं तर दाद कुठे मागायची, हे एका पानावर लिहून तरी ठेवा."

ते हसले. "ताई, हे सॉफ्टवेअर आहे. ग्रामपंचायत नाही."

"ग्रामपंचायतीत निदान नोटीस तरी लावतात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चर्चेच्या पानाला कुलूप होतं आणि कोडमध्ये बदल करण्याची माझी परवानगी काढलेली होती. बाकीच्यांपैकी एकानं मला खाजगीत लिहिलं, 'तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव कुठे घेऊ नका.' सरांपेक्षा त्याचाच राग मला जास्त दिवस पुरला.

पण ओपन सोर्समध्ये एक हक्क असा असतो की तो कुणाच्या बापाला काढून घेता येत नाही. सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडायची. त्याला फोर्क म्हणतात. मी मांडली. एका रविवारी सकाळी नानांच्या ओट्यावर आम्ही बसलो. मी, माय, मावशी, नाना आणि माझ्या कॉलेजातली एक सहकारी.

नानांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आते मालक कोन? तू?"

"कुणीच नाही, नाना. नियम लिहू आपण."

लिहायला बसलो. कुठलाही बदल आठवडाभर सगळ्यांसमोर ठेवायचा. हरकत घेणाऱ्यानं कारण द्यायचं. मिटलं नाही तर मतदान. आणि सुरू करणारीला, म्हणजे मला, एकच मत. इथवर माझा हात भराभर चालला. मग मी लिहिलं, मत कोड लिहिणाऱ्यांना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मायनं वाचलं आणि चष्मा काढला. "शब्द आमना, आनि मत तुमनं?"

"माय, तुम्हाला कोड कळत नाही."

"तुना सरले आमनी बोली कळत नव्हती. त्यानी काय करं?"

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, काम करणाऱ्या प्रत्येकाला मत. शब्द देणं हेही काम.

त्या ओळीनं पहिला दणका मलाच दिला. मला खान्देशी यादी सगळ्यांच्या फोनवर आपोआप सुरू हवी होती. आपल्यावर इतकी वर्षं लादलं, आता थोडं आपणही लादू, असं माझ्या मनात होतं. आठवडाभर चर्चा झाली, मग पुढच्या रविवारी ओट्यावरच मतं पडली. माझ्या बाजूनं एकच मत, माझं. "ज्याले नको त्याना माथे काबर मारानं?" माय म्हणाली. म्हणजे, ज्याला नको त्याच्या माथी का मारायचं? परतताना जळगावच्या एसटीत मी तिच्याशी अक्षर बोलले नाही. घरी आले आणि यादी हवी त्यानंच सुरू करावी, हा माझ्या मताविरुद्ध ठरलेला बदल स्वतः लिहून टाकला. लिहिताना चडफडत होते, हे कबूल करते.

चार महिन्यांनी सरांचं पत्र आलं. तुमची यादी घेतो, परवानगी परत देतो, फक्त तुमचा वेगळा प्रकल्प बंद करा. सोबत लिहिलं होतं, आपल्या दोघांत मिटवून टाकू.

दोघांत मिटवायचं असतं तर ओट्यावर बसलो कशाला? मी ते पत्र जसंच्या तसं सगळ्यांसमोर ठेवलं. आठवडाभर कुणीही काही म्हणावं. सहकारी म्हणाली, परत जाऊ, तिकडे माणसं जास्त आहेत. तिचं कारण खोटं नव्हतं. आमचा कीबोर्ड अधूनमधून अडकतो, आणि दुरुस्त करणाऱ्या आम्ही दोघीच. तरी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. हरलेली ती दुसऱ्या दिवशी कामाला हजर होती.

उत्तर नानांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'आपलं पत्र सभेपुढे ठेवलं. आम्ही बंद करणार नाही. आमचा कोड उघडा आहे, यादी आजही घेऊ शकता, त्याला आमची परवानगी लागत नाही. मात्र आपल्याकडे निर्णय कसा होतो ते लिहून काढलंत तर आम्हाला वाचायला आवडेल.'

सहीच्या जागी आम्ही पाचही जणांची नावं अकारविल्हे घातली. माझं चौथं आलं.