भंगार लिहू नका

आमची आई भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी तासभर हुज्जत घालणारी. तीच आई कस्टमच्या गोदामात अशी वागेल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मामा मस्कतला शिलाईच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिथली एक जुनी इंटरलॉक मशीन विकत घेऊन त्यानं ती आईसाठी जहाजानं धाडली. आईला आमच्या सुरतेच्या बमरोलीत मुलींसाठी शिवणक्लास काढायचा होता. कोपऱ्यावरचा एक गाळा तिनं बघून ठेवला होता. ब्लाउज शिवून शिवून डिपॉझिटपुरते पैसेही जमवले होते.

मशीन सोडवून देणारा एजंट पक्का सुरती, पण भला माणूस. "बेन, भंगार लखावी दो, पती गयुं," तो म्हणाला, म्हणजे भंगार लिहून टाका की काम झालं. भंगार म्हटलं की ड्यूटी नावापुरती. गंजलेल्या स्टँडकडे बघून कस्टमच्या साहेबांनीही स्वतःहून विचारलं, "भंगारच ना, बाई?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी तर आईला कोपरानं ढोसत होते.

"भंगार कशाला लिहिता? चांगली चालू मशीन आहे," आई म्हणाली, आणि मामानं मोजलेली खरी किंमत सांगून मोकळी झाली. एजंटनं कपाळाला हात लावला. ड्यूटीत डिपॉझिटचे पैसे गेले, म्हणजे गाळाही गेलाच. मला असा संताप आला की परतताना टेम्पोत मी तिच्याकडे पाठ करून बसले. ही बाई मात्र मशीनवर हात ठेवून खुशीत बसलेली.

संध्याकाळी मिलमधून आलेले वडील, आमचे नाना, हे ऐकून भडकलेच. 'हो' म्हणायला काय जीभ झिजली असती का, असं म्हणाले. मलाही अगदी तेच म्हणायचं होतं.

भाकरी वाढता वाढता आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई मशीनवर मी पोरीसले शिकाडसू. तिलेच भंगार कशी म्हनू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. काय बाई होती! असं ताठ उभं राहणं मला पुढे कधी जमलं नाही.

नाना जेवले. हात धुतले, आमच्या एकुलत्या एका खोलीतली आपली खाट उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन टाकली आणि तिच्या जागी मशीन मांडली.