पदरावरून घेतलेलं माप

नव्या रायपुरात सरकारी क्वार्टर मिळालं तेव्हा नातेवाईक म्हणाले, नशीब काढलं. खोल्या मोठ्या, नळाला पाणी, खिडकीबाहेर रुंद रस्ता. जुन्या शहरात, बूढ़ापाऱ्यात, आमची आणि शेजारणीची भिंत एकच होती. तिनं मिरचीची फोडणी दिली की मला ठसका लागायचा, आणि ती पलीकडून हसायची. इथे दुपारभर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. हे सरकारी गाडीवर ड्रायव्हर. सकाळी साहेबांना आणायला जायचे, रात्री जेवून झोपायचे. मुलगी लग्न होऊन अकोल्याकडे गेलेली.

म्हणून सेक्टरच्या हॉलमध्ये शिलाईचा वर्ग निघाला तेव्हा मी नाव दिलं. ब्लाउज, पेटीकोट मला येत होतेच. मला चार बायका हव्या होत्या.

पहिल्याच दिवशी कळलं की शिकवणार ते आतले कपडे. अर्ध्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या. शिकवणारी बाई फ्रान्सची. तिचा नवरा इथे कुठल्याशा मोठ्या संस्थेत कामाला आला होता. ती फ्रेंचमध्ये सांगायची आणि कॉलेजातली एक मुलगी ते हिंदीत सांगायची. दोन दिवसांत त्या मुलीला नोकरी लागली आणि ती यायची बंद झाली. मग नुसतं फ्रेंच उरलं.

मला ते बरं वाटलं. मी चौथी शिकलेली. चार बायका बोलत बसल्या की अर्धं माझ्या डोक्यावरून जातं आणि मी उगीच मान हलवते. इथे सगळ्याच मान हलवत होत्या. बाई कापड तिरपं धरून दाखवायची, इलॅस्टिक जास्त ताणलं की हातावर हलकेच हात ठेवून म्हणायची, "दुसमाँ, दुसमाँ." हळू, असं असावं. त्याचा अर्थ कोणी कोणाला विचारला नाही.

मग माप घ्यायचा दिवस आला. जोडीजोडीनं एकमेकींचं घ्यायचं होतं. जोड्या लागल्या आणि मी एकटी उरले, भिंतीशी. बाकीच्यांनी ब्लाउजवरून, काहींनी तर पदरावरूनच टेप फिरवली आणि खिदळत आकडे लिहिले. बाईनं खुणेनं सांगून पाहिलं, ब्लाउज काढा. कोणी काढेना. आम्ही आजवर ब्रा घेतली ती दुकानातून. काउंटरवरचा भैया एक नजर टाकून नंबर सांगायचा, कागदात गुंडाळून द्यायचा, आणि आपण तेच जन्मभर घालायचं. लग्नाआधीचा नंबर मी अजून चालवत होते.

बाई माझ्याकडे आली. हात धरून पडद्यामागे नेलं आणि हुकांकडे बोट दाखवलं. मला नाही म्हणायचं होतं. तिच्या भाषेत ते कसं म्हणतात ठाऊक नव्हतं, आणि आपल्या भाषेतही मला ते कधी जमलेलं नाही.

माप घ्यायला समोरच्या बाईला दोन्ही हातांनी वेढावं लागतं. टेप पाठीमागून फिरवून पुढे आणावी लागते. तिचे केस माझ्या गालाला लागले. अंगाला साध्या साबणाचा वास. मी श्वास धरून उभी होते. "दुसमाँ," ती म्हणाली. मी श्वास सोडला आणि डोळे भरून आले. तिला वाटलं असेल, लाजले. मुलगी सासरी निघताना गळ्यात पडली होती, तीही गाडी सुटेल म्हणून घाईत. त्यानंतर माझ्याभोवती कोणाचे हात आले नव्हते.

शेवटच्या दिवशी माझी ब्रा मला अगदी नीट बसली. बाकीच्यांच्या ढगळ झाल्या, कारण त्यांनी पदरासकट माप धरलं होतं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली क्लार्कची बायको, यवतमाळकडची, मोठ्यानं म्हणाली, "काहून वो वहिनी, पडद्यामांगं काय शिकून आली? आमाले तं नाही शिकवलं."

"मैडम की लाड़ली है भाभी," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले. चहा आला तेव्हा त्या एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि मी खिडकीशी. चार बायकांसाठी गेले होते, एक ब्रा घेऊन घरी आले. खांद्याला पट्टी रुतत नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा. हे सांगायचं कोणाला?

बाई आपल्या देशी गेली. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी बेल वाजली. दारात तीच क्लार्कची बायको. हातात पिशवी, वर कोथिंबीर.

"पाणी दे वो थोडं. ऊन किती तापून राहिलं."

पाणी प्यायली, चहाही प्यायली. मग कोथिंबिरीखालून वर्गातलं उरलेलं कापड आणि लेस काढली.

"माही तं कपाटातच पडून आहे. पोट्टी हसते मले." जरा थांबून म्हणाली, "नाप घेशील का? पण कोनाले सांगू नको."

मी दार लावलं, पडदा ओढला. तिनं लहान मुलीसारखे हात वर केले. वर्गात एवढी बोलणारी बाई, खांदे पार कानाला लागलेले.

"दुसमाँ," मी म्हणाले.

"तू बी फिरंगी झाली का?" ती हसली, आणि तिचा श्वास सुटला. तिचं वजन क्षणभर माझ्या हातांवर आलं. पहिलंच माप बरोबर होतं, तरी मी पुन्हा घेतलं.

"हात थंडे आहेत तुहे," ती म्हणाली, पण हलली नाही.

शुक्रवारी ये म्हणून सांगितलं. शिवून तर त्याच संध्याकाळी झालं होतं. शुक्रवारी ती आली, मागून टाचणी लावून घालून पाहिलं, आरशासमोर वळून वळून पाहिलं. मी म्हटलं, हुक राहिलेत, पुढच्या आठवड्यात ये.

हुक डब्यातच होते. लावले असते तर ती घेऊन गेली असती.