आईचं गाणं शोधताना

आईची कानबाई देवीची गाणी एका कॉलेजच्या मुलीने प्रबंधासाठी लिहून नेली होती. आई गेली. यंदा श्रावणात घरी कानबाई बसवायची होती, आणि मला आईचं एक गाणं अर्धंच येत होतं. प्रबंध आता मोबाईलवर फुकट वाचता येतात, असं पुतणी म्हणाली. तिने आईचं नाव टाकलं, तर काहीच निघालं नाही. त्या मुलीला आईनेच सांगितलं होतं, "मन्हं नाव टाकू नको माय, गानं कानबाईनं शे." गाणं देवीचं, आपलं नाही, असं तिचं म्हणणं. मग आमच्या गावाचं नाव कोरीट, कानबाई असं टाकत दुपारभर शोधलं, तेव्हा प्रबंध सापडला. गाणं त्यात होतं, पण फक्त इंग्रजी भाषांतर, मूळ ओळी दिल्याच नव्हत्या. पुतणीने मला अर्थ सांगितला. अर्थ बरोबर होता. मी चाल धरली, पण पुढे म्हणायला शब्दच नव्हते.