चेहरा नंतर

"चेहरा नंतर," असं म्हणून तो कॅमेरा खाली आणायचा. त्याचे फोटो पाहून तुम्हीही म्हणाला असता, काय अडाणी फोटोग्राफर आहे! झगमगीत कापडं, बांगड्या, कमरेवर ऐटीत ठेवलेला हात, आणि वर मान कापलेली.

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीला होतो. तो नायजेरियाचा. रात्रपाळी संपली की सकाळी आमच्या स्वयंपाकघरात दोघं चहापुढे पेंगत बसायचो. पुरुषांवर प्रेम करणारे, त्याच्यासारखेच काही आफ्रिकी मित्र त्याला जवळच्या कॉर्क शहरात भेटले होते. लहानपणी आईच्या कपाटातलं जे ते चोरून नेसले, तसलंच नेसवून तो त्यांचे फोटो काढायचा. फोटो गावी पोचला तर घर कायमचं तुटणार, म्हणून चेहरा नंतर. कधी, असं विचारलं की म्हणायचा, "ग्रँड आहे रे. घाई काय?" तिथे 'ठीक आहे' म्हणायला सगळेच 'ग्रँड' म्हणतात, पण इतकं दमलेलं 'ग्रँड' मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

त्याची आई गेली. त्याच्याबद्दल कुणकुण लागलेल्या भावांनी कळवलं, येऊ नकोस. त्यांच्यात अंत्यविधीला सगळं घर एकाच कापडाचे कपडे घालतं. पुरुषांना सदरा, बायकांना डोक्याला बांधायचा लांब पट्टा. थोरल्या बहिणीने त्याचा वाटा पार्सलने पाठवला. आमच्या टेबलावर त्याने तो उघडला, तर आत बायकांचा पट्टा.

"ताईची चूक झाली," असं म्हणत तो घडी घालायला लागला.

साड्यांना फॉल लावून लावून माझ्या बायकोची नजर आधी काठावर जाते. तिने कडेवरून बोट फिरवलं. "अहो, सांगा त्याला. चारी बाजूंनी हाताने शिवलंय हे. चुकून पाठवायच्या कापडाला कुणी इतके बारीक टाके घालतं का?"

मी सांगितलं. तो कड चाचपत राहिला आणि मग ढसाढसा रडला. मलाही आवरेना. चहा तसाच गार झाला.

तोंड धुऊन त्याने खिडकीच्या काचेत बघत पट्टा डोक्याला बांधला. फार देखणा दिसत होता. कॅमेरा माझ्या हातात दिला. त्याच्या सवयीप्रमाणे मी खाली धरला.

"वर घे," तो म्हणाला. "ताईला पाठवायचाय."

पुढे काम सुटलं, तो लंडनला गेला, फोन नंबर बदलले. फोटोची एक प्रत आमच्या स्वयंपाकघरात आहे. ह्या बाई कोण, असं पाहुणे हमखास विचारतात.

"आमचा मित्र आहे," बायको सांगते. "आईच्या कार्याला निघालाय."