नाव सांगा, मग आत या

"कोण? नाव सांगा."

अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या त्या घराची बेल वाजवली की आतून आधी हा प्रश्न यायचा. दाराला चांगली हातभर काच होती. काकू तिच्यातून आपल्याला नीट न्याहाळत असायच्या आणि आपल्यालाही त्या दिसत असायच्या. तरी नाव कानावर पडेपर्यंत कडी निघायची नाही.

"मेधा," मी म्हणायची.

"हं. ये गं. किती भिजलीस!" मग लगेच टॉवेल, चहा, खायला काहीतरी.

एकदा मी गाडीत राहिलेली पिशवी आणायला बाहेर गेले, तेवढ्यात वाऱ्याने दार लागलं. पुन्हा तेच. "काकू, आत्ता तर होते मी! माझा चहा निवतोय टेबलावर."

"असेल. नाव सांगायला तुझं काय जातंय?"

त्यांचा मुलगा निखिल इथेच जन्मलेला. तो वैतागायचा. "आई, यू नो हर!"

"माहितीये असं वाटतं," काकू म्हणायच्या. "वाटण्यावर नाही जायचं, बाबा."

दुसरी गोष्ट डब्याची. आपली माणसं तुम्हाला ठाऊकच आहेत. अमेरिकेत येऊन अर्धं आयुष्य झालं तरी जेवायला बोलावलेल्या माणसाला दह्याच्या रिकाम्या डब्यातून आमटी, फॉइलमध्ये चार पोळ्या बांधून दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. काकूंकडे बसून पोटभर जेवा, आग्रह सोसवणार नाही इतका. पण निघताना हातावर साखरसुद्धा नाही. हळदीकुंकू त्यांनी कधी केलंच नाही, कारण तिथे वाण द्यावं लागतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, हात आखडता आहे. मीही त्यांच्यात होते, मी काही वेगळी नव्हते.

हे कोडं सुटलं माझ्या एका भाषणामुळे. मी विद्यापीठात साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर काम करते. गुन्हा पाहिलेल्या माणसाला पोलीस फोटो दाखवतात, तेव्हा तो खरंच ओळखतो की अंदाज करतो, आणि त्याची चूक टाळायची कशी, हा आमचा विषय. मंडळाने मला बोलायला सांगितलं आणि माझ्या मागोमाग बटाटेवडे ठेवले. त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्या स्लाइड्सच्या पलीकडे होते. शेवटी "काही प्रश्न?" म्हटल्यावर मागच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या.

"गेलेला चेहरा परत येतो का?"

मला वाटलं, काकांबद्दल विचारतायत. काका तेव्हा नुकतेच गेले होते. मी काहीतरी गुळमुळीत बोलले. काकू म्हणाल्या, "तसं नाही. घरी ये. सांगते."

मी गेले, दारात नाव सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं.

लग्न होऊन या देशात आल्या तेव्हा काकू तासाभरावरच्या एका लहान गावात राहत आणि ओळखीच्या एका वयस्कर गुजराती गृहस्थांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहत. एका दुपारी एक माणूस पिस्तूल घेऊन आत आला. गल्ला घेतला, जाता जाता गोळी झाडली आणि ते गृहस्थ कायमचे अधू झाले. माणसाला पाहिलेलं काकूंनी एकटीने, तेही क्षणभर.

मग घरी एक पोलीस अधिकारी येऊ लागला. "इतका सभ्य होता गं तो," काकू म्हणाल्या. "दारात आमच्या चपला पाहिल्या आणि न सांगता स्वतःचे बूट काढले. मी पोहे केले, त्याने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ले." त्याने टेबलावर फोटो मांडले. काकूंना एकही ओळखू येईना. तो म्हणाला, काही हरकत नाही, आणि गेला. पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो पावसातून आला, मोजे ओले झालेले, आणि ओल्या मोज्यांनी टेबलाशी बसला.

"आमच्या घरात दाराशी आलेल्या माणसाला कधी कुणी रिकाम्या हाती पाठवलं नाही," काकू म्हणाल्या. "माझी आई भांडी विकायला आलेल्या बाईलासुद्धा गूळ द्यायची. आणि हा तीनदा आलेला. त्यात सगळे फोटो काळ्या माणसांचे. मी आयुष्यात काळी माणसं पाहिली होती किती? मला सगळे सारखेच दिसायचे. बोलायला लाज वाटते, पण तुझ्या कामाचं आहे म्हणून सांगते. मी एका फोटोवर बोट ठेवलं. तो हसला आणि म्हणाला, गुड जॉब."

त्या दोन शब्दांनी सगळं पक्कं झालं. आमच्या शास्त्रात याचा पुष्कळ अभ्यास झालाय. साक्षीदाराला शाबासकी दिली की त्याचा अंदाज त्याची आठवण होऊन बसतो. काकू कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना मुळीच शंका नव्हती. वकिलाने विचारलं, खात्री आहे? काकू म्हणाल्या, "हंड्रेड परसेंट."

तो माणूस आत गेला. त्याचं नाव कर्टिस. मुलगी रांगत होती तेव्हा गेला आणि तिचं कॉलेज संपत आलं तेव्हा सुटला. पोलिसांना सापडलेल्या पिस्तुलावरचे ठसे नव्याने तपासले गेले आणि ते दुसऱ्याच कुणाचे निघाले. तो दुसरा केव्हाच मेलेला होता.

"तो नव्हता हे मला कळलंय," काकू म्हणाल्या. "पण दुकान आठवलं की दार ढकलून तोच आत येतो. दूध तापत ठेवलेलं असतं आणि तो येतो. खऱ्या माणसाचा चेहरा मी माझ्या हाताने पुसला गं. म्हणून विचारलं, परत येतो का?"

"नाही येत, काकू," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्या दिवसापासून काकू आमच्या प्रयोगशाळेत यायला लागल्या. नवीन सूचना आधी कुणावर तरी तपासून पाहाव्या लागतात, त्याला त्या हौसेने तयार. विद्यार्थी त्यांना छोटी फिल्म दाखवायचे, मग फोटो. फोटो दाखवणाऱ्यालाच संशयित कोणता ते माहीत नसायचं, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. काकूंनी कधी कुणालाही ओळखलं नाही. फिल्ममध्ये चोराने कॅमेऱ्यात पाहून हात हलवला असता तरी त्या "सांगता येत नाही" म्हणाल्या असत्या. त्यांचा डेटा आम्हाला काडीच्या उपयोगाचा नव्हता. पण एक विद्यार्थी सूचना वाचत होता, 'गुन्हेगार या फोटोंमध्ये असेल किंवा नसेलही,' तेव्हा त्या त्याला थांबवून म्हणाल्या, "पुढे असंही म्हण ना, की कुणीच ओळखलं नाही तर मला वाईट वाटणार नाही."

कर्टिसला भेटायचं त्यांनी फार दिवस मनात घोळवलं. शेवटी त्याच्या वकिलामार्फत निरोप गेला आणि तो येतो म्हणाला. मी सोबतीला होते. काकूंनी शिरा केला होता. बेल वाजली. काचेपलीकडे उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस. काकूंनी त्याला काचेतून पाहिलं, तरी विचारलंच.

"हू इज इट? युवर नेम, प्लीज."

"कर्टिस, मॅम."

काकूंनी दार उघडलं, "सॉरी" म्हणाल्या आणि पाठ केलेलं बाकीचं सगळं इंग्रजी विसरल्या. पुढचं त्या मराठीत बोलल्या आणि मी इंग्रजीत सांगत गेले. तो ऐकत होता, शिरा खात होता. मग बशी बाजूला ठेवून म्हणाला, "त्या दुकानात मी कधी गेलो नाही. पण कोर्टात त्याचे फोटो इतके पाहिले की आता मलाही ते दिसतं. काउंटर, च्युइंगमचा स्टँड. तुम्हीसुद्धा दिसता."

काकूंना हे भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बशी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

निघताना त्याने बशीकडे बोट केलं. "कॅन आय टेक सम होम? फॉर माय डॉटर."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या, वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला, भरला, झाकण दाबून बसवलं आणि त्याच्या हातात दिला. त्या घरातून बाहेर गेलेला तेवढा एकच डबा मी पाहिला.

तो पुढे येत राहिला. एकदा त्याच्यासमोरच काकू मला म्हणाल्या, "आता हा दुकानातही येतो आणि इथे टेबलाशी बसून शिराही खातो. दोन्हीकडे हाच. बघू, कोण टिकतो." मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही.

काकूंना विसर पडायला लागला ते मंडळात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या सगळ्यांना नाव विचारतच असत, मग कळणार कसं? मला कळलं ते एका दुपारी. मी दारात "मेधा" म्हटलं आणि आतून आलं, "कुठली मेधा?" दार उघडलं, पण टॉवेल आला नाही.

पुढे निखिलने त्यांना अशा आजाराची माणसं सांभाळणाऱ्या एका घरात ठेवलं. एके दिवशी त्या त्याला "सर" म्हणाल्या. तो माझ्या गाडीत बसून रडला. एवढा उंचापुरा मुलगा, त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलला.

कर्टिस भेटायला आला तेव्हा मी तिथे होते. तो आत पाऊल टाकतो न टाकतो तोच काकू खुर्चीतून उठल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"हाच. हाच तो," त्यांनी बोट रोखलं. "हंड्रेड परसेंट."

मराठी त्याला कळली नसेल, पण शेवटचे दोन शब्द त्याने याच आवाजात आधी ऐकलेले होते. इतक्या वर्षांत शिकलेली सगळी शंका काकूंच्या मनातून निघून गेली होती आणि खात्री तेवढी उरली होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कर्टिस मागे सरला. बाहेर जाऊन त्याने दार ओढून घेतलं. मग टकटक झाली.

"कर्टिस," तो बाहेरून म्हणाला.

काकूंचा श्वास अजून लागत होता. पण नाव ऐकल्यावर त्यांचा हात खाली आला. "हं," त्या म्हणाल्या. "या." तो आला, लांबच्या खुर्चीवर बसला. काकूंनी त्याला मराठीतच विचारलं, "खाल्लंत का काही?"

काही दिवशी हे जमायचं, काही दिवशी नाही. नाही जमलं की तो बाहेरच्या बाकावर बसून घरी जायचा. मी त्याला म्हटलं, कशाला येतोस? तो म्हणाला, "तिच्या डोक्यातल्या दुकानाच्या दारावर मला टकटक करता येत नाही. इथे येते."

काकू गेल्या त्या दुपारी मी त्यांच्यापाशी होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. "आला," त्या म्हणाल्या. "तोच आला." माझं मनगट त्यांनी धरलं होतं. भीतीने की बरं वाटून, ते त्या पकडीवरून मला ठरवता आलं नाही. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

तेराव्याला निखिलने घरी जेवण ठेवलं होतं. मंडळी पांगत असताना बेल वाजली आणि कुणी विचारायच्या आधीच बाहेरून आवाज आला, "कर्टिस." आतून "या" म्हणणारं कुणी नव्हतं. मी दार उघडलं.

पाऊस होता. त्याने चपलांचा ढीग पाहून बूट काढले, ओल्या मोज्यांनी आत आला आणि काकूंचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, घासूनपुसून स्वच्छ केलेला. खुर्चीवर न बसताच त्याने विचारलं, "शेवटी तिच्या डोक्यात मी कुठे होतो? दुकानात, की टेबलाशी?"

टेबलाशी, असं म्हणणं किती सोपं होतं. तो लांबून आला होता. मी नुसती मान हलवली असती तरी त्याला पुरलं असतं आणि खोटं कुणाला कळलंही नसतं. माझ्या ओठांपर्यंत तो शब्द आला. मग त्याच्या ओल्या मोज्यांकडे माझं लक्ष गेलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू आलास, एवढंच त्या म्हणाल्या. कुठे, ते सांगितलं नाही."

त्याने मान डोलावली. मला थँक यू म्हणाला. मग दारात वाकून सावकाश बूट घातले आणि पावसात गेला, रिकाम्या हातांनी.